सीडरच्या नावाखाली भलतंच लाकूड विकलं, घरी बाण बनवणाऱ्यांनी नक्की वाचा

मी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो, ४५ पाउंडाचा लाँगबो (उंच, साधं धनुष्य, दोरी पूर्ण ओढायला ४५ पाउंड जोर लागतो) वापरतो आणि दीड वर्षापासून लाकडी बाण घरीच बनवतो. बाणाच्या दांडीला सगळ्यात नावाजलेलं लाकूड म्हणजे पोर्ट ऑरफर्ड सीडर, आमच्याच राज्याचा नैऋत्य कोपरा आणि कॅलिफोर्नियाचं उत्तर टोक एवढ्याच भागात ते मूळचं, आधीच तोड खूप झालेली आणि १९५२ पासून त्या जंगलात मुळं कुजवणारा रोग घुसलाय, त्यामुळे चांगला माल महाग. म्हणूनच स्वस्तात दिसला की माणूस भुलतो, मीही भुललो.

ऑनलाइन जाहिरात होती, ३ डझन शाफ्ट म्हणजे बाणाच्या नुसत्या दांड्या, ११/३२ इंच जाडीच्या, स्पाईन (दांडीचा ताठपणा, किती पाउंडाच्या धनुष्याला चालेल तो आकडा) ४५-५०, ९० डॉलर, म्हणे वडील बाण बनवायचे ते गेले, त्यांचा साठा काढतोय. वडील गेले म्हटल्यावर घासाघीस करायला जीभ रेटेना. अ‍ॅपवरून मित्राला पाठवतात तसे पैसे पाठवा म्हणाला, मी पाठवले, आणि इथेच मोठी चूक झाली कारण तसे पाठवले की ते खरेदीत धरतच नाहीत, परत मागायची सोय नाही.

पार्सल आलं, दिसायला गुळगुळीत, प्रत्येकावर निळ्या शाईत ४५-५०. पेन्सिलीसारखं टोक तासताना मला काहीतरी चुकतंय असं वाटलं पण लक्षात येईना, मग बायको गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, अरे आज आल्याचा वास कसा नाही? बरोबर! हे सीडर कापलं की आल्यासारखा तिखट वास सुटतो, मागच्या वेळी आठवडाभर गॅरेज घमघमत होतं. याला काहीच वास नाही.

तरी मी मन मारून ३ बाण पूर्ण केले, टर्कीची पिसं चिकटवली, मैदानावर गेलो. दुसराच बाण सुटताना काडकन तुटला. नशीब, तुकडा हातमोज्याला घासून गेला. नंतर बघितलं तर लाकडाच्या रेषा सरळ टोकापर्यंत जायच्या ऐवजी मध्येच तिरक्या बाहेर निघालेल्या, असा शाफ्ट तिथेच फाटतो आणि मागचा अणकुचीदार तुकडा दोरी पुढे ढकलते, तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्यातलाच एक बाण मी मुलीच्या हातात सोडून बघायला देणार होतो.

दुसऱ्या दिवशी सगळे मोजले, जे आधी करायला हवं होतं. दोन खिळे २६ इंचांवर, शाफ्ट त्यावर आडवा, मधोमध २ पाउंडाचं वजन टांगायचं आणि किती वाकतो ते बघायचं, २६ ला त्या इंचांनी भागलं की स्पाईन. ४५ चा शाफ्ट साधारण ०.५८ इंच वाकायला हवा. माझ्याकडचे काही ०.८ वाकले म्हणजे जेमतेम ३२, काही ०.४३ म्हणजे ६०! किचनच्या काट्यावर वजनं २१ ग्रॅमपासून ३१ पर्यंत. असे बाण एकाच धनुष्यातून एका जागी कधीच लागणार नाहीत. हे सीडर तर नाहीच, साध्या गोल काठ्या आणून शिक्का मारलेला.

विकणाऱ्याला फोटो आणि आकडे पाठवले. "तुमची मोजणी चुकली असेल" एवढं उत्तर, मग ब्लॉक. तक्रार केलीये, पैसे आलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत दिसली, आता वडिलांच्या जागी काका आहेत. फोटो तोच, पांढऱ्या चादरीवर लाल रबरबँड लावलेले ३ गठ्ठे आणि निळ्या शाईत ४५-५०.