जुनी इन्व्हर्टर बॅटरी: घरी जीव आणायचा, दुरुस्तीला द्यायची की एक्स्चेंज करायची?

लाईट गेल्यावर पूर्वी पाच तास चालणारा इन्व्हर्टर अर्ध्या तासात बीप द्यायला लागला की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, पाणी भरा, चालेल अजून. दुसरं म्हणतं, चार वर्षं झाली, देऊन टाका. कोण बरोबर, हे दोन-तीनशे रुपयांचा हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी, सांगतो. कुठलाही खर्च करण्याआधी तो घ्या.

आमची दीडशे एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची बॅटरी, अशीच बसली, तेव्हा रात्रभर चार्जिंग करून सकाळी मी सहाही झाकणं उघडली. रबरी फुगा दाबायचा, नळी सेलमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या कप्प्यात, सोडायची, फुगा हळूच सैल करायचा. अ‍ॅसिड वर चढतं आणि आतला तरंगता काटा स्थिर झाला की आकडा वाचायचा. साध्या पाण्याचा आकडा 1000 धरला, तर पूर्ण चार्ज झालेली ट्यूब्युलर 1240 ते 1260 दाखवते. आमचे पाच सेल 1200 च्या आसपास होते. तिसरा 1090, आणि त्यातून आलेलं पाणी चहासारखं गढूळ, तपकिरी. प्लेटमधला मसाला झडून खाली बसला होता. ती बॅटरी मी त्याच आठवड्यात एक्स्चेंजला दिली.

पूर्ण चार्जनंतरही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 50 अंकांहून जास्त मागे असेल, तर घरच्या उपायांवर वेळ घालवू नका. सहाही सेल सारखेच मागे असतील, समजा सगळे 1180 ते 1200, आणि पाणी स्वच्छ असेल, तर मात्र प्रयत्न करण्यासारखा आहे. तिथे बहुतेक वेळा दोष सल्फेशनचा असतो. बॅटरी उतरताना प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि चार्ज होताना ते निघून जातं. पण ती बरेच दिवस अर्धवट उतरलेली राहिली, किंवा पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या, की त्याच थराचे कडक खडे होतात. मग चार्जर लावूनही विजेला जागा मिळत नाही.

घरचा उपाय म्हणजे सबुरीचं चार्जिंग. आधी प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, चार्ज पूर्ण झाल्यावर मग खुणेपर्यंत भरा. आरओचं, बोअरचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी नको, त्यातले क्षार आणि धातू प्लेटांना खातात. बॅटरी इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवा आणि व्होल्टेज वाढवता येणाऱ्या वेगळ्या चार्जरवर लावा. दीडशे एएचला पाच-सात अँपिअर पुरे. शेवटी साडेपंधरा व्होल्टपर्यंत नेऊन दर तासाला सगळे सेल मोजा. सलग तीन तास आकडा हलला नाही की थांबा. यात दीड-दोन दिवस सहज जातात. डबा हाताला चांगला गरम लागला तर चार्जर बंद करून बॅटरी गार होऊ द्या.

या काळात सेल उकळल्यासारखे बुडबुडतात आणि हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. जिन्याखाली किंवा देवघराच्या शेजारी हे काम अजिबात करू नका. गॅलरीत करा, डोळ्यांना चष्मा लावा, जवळ खाण्याचा सोडा आणि भरपूर पाणी ठेवा. एसएमएफ, म्हणजे पाणी न घालायच्या, किंवा सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग नकोच.

एप्सम सॉल्ट, तुरटी, बाटलीतली 'रिव्हायव्हल' औषधं यांच्यावर माझा विश्वास नाही. मीठ विरघळलं की द्रव जड होतो, म्हणून हायड्रोमीटरचा आकडा चढतो. प्लेटा होत्या तशाच राहतात. नवं अ‍ॅसिड ओतल्यावरही हीच फसगत होते. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, त्यामुळे सांडलं नसेल तर अ‍ॅसिड घालायचं कारणच नाही.

बाजारातल्या दुरुस्तीचा पर्याय मला तिघांत सर्वांत कच्चा वाटतो. पूर्वी काळ्या रबरी डब्यांवर डांबर लावलेलं असायचं, ते काढून एक सेल बदलता यायचा. आजचे प्लास्टिकचे डबे उष्णतेने चिकटवलेले असतात, ते कापावे लागतात. शिवाय पाच थकलेल्या सेलांत एक ताजा बसवला तरी बॅटरी चालणार थकलेल्यांच्याच दमावर.

घरी उजळलेली बॅटरी किती सुधारली हे व्होल्टवरून कळत नाही, 12.6 दाखवणारी बॅटरीही दहा मिनिटांत बसते. दोन पंखे आणि चार-पाच एलईडी लावा, म्हणजे साधारण 200 वॉट, आणि घड्याळ बघा. नवी दीडशे एएच सहा तासांच्या आसपास जाते. तुमची चार तास गेली तर आणखी वर्षभर वापरा. दोन तासांतच मान टाकली तर राउटर आणि एका दिव्यासाठी ठेवा किंवा बदला. घरात आजारी माणसाचं ऑक्सिजन यंत्र याच लाईनवर असेल, तर उजळलेल्या बॅटरीवर विसंबू नका, थेट नवी घ्या. आणि दोन बॅटऱ्यांचा 24 व्होल्टचा सेट असेल तर जुनी-नवी जोडी लावू नका, जुनी नवीलाही ओढते.

एक्स्चेंजमध्ये जुनीचे पैसे वजनावर किंवा एएचवर धरतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा आणि नवीवरचा उत्पादनाचा महिना तपासा. अ‍ॅसिडसकटच द्या, ते मोरीत किंवा गटारात ओतू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यायची असते. दारावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देत असला तरी त्याला देऊ नका. अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवतात, आणि तो धूर शेजारच्या वस्तीतल्या लहान मुलांच्या अंगात जातो.