हिरडी सरकली: फिलिंग की ग्राफ्ट?

सुळ्याची हिरडी वर सरकून मूळ उघडं पडलंय, थंड पाणी लागतंय आणि डॉक्टरांनी फिलिंग किंवा ग्राफ्ट, म्हणजे हिरडीचं कलम, असे दोन पर्याय सांगितलेत? मी एकाच सुळ्यावर दोन्ही करून घेतलं आहे. सरकलेली हिरडी आपणहून परत येत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच.

आधी मी फिलिंग केलं. अर्ध्या तासाचं काम, खर्च कमी, आणि त्याच संध्याकाळी माठाचं पाणी सुखानं प्यायलो. पण काही महिन्यांत त्याची कड किंचित उचलली. जेवलो की भाकरीचा कण तिथे अडकायचा आणि जीभ दिवसभर त्याच जागी जायची. कण निघावा म्हणून मी ब्रश आणखी जोरात, आडवा घासायचो. माझी हिरडी मुळात त्या घासण्यानंच सरकली होती! फिलिंग दुसऱ्यांदा निघालं तेव्हा ती अजून वर गेलेली दिसली. माझा निर्णय तिथेच झाला.

ग्राफ्टमध्ये टाळूच्या आतला पातळ पदर काढून मुळावर बसवतात आणि टाके घालतात. दातापेक्षा टाळूच जास्त दुखली. चार दिवस ताकभात, मऊ गार खिचडी. तिखट आठवडाभर बंद. दोन आठवडे त्या जागी ब्रश नाही, नुसत्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशच्या चुळा. त्यानं दातांवर तपकिरी डाग आले, ते नंतर क्लिनिंगमध्ये गेले. खर्च फिलिंगच्या कितीतरी पट. पण मूळ झाकलं गेलं, आणि जिभेला तिथे जायला काही उरलं नाही.

ग्राफ्ट सगळ्यांना जमेलच असं नाही. माझ्या आईची हिरडी मशेरी आणि पायरियानं गेली होती. दातांमधलं हाडच झिजलेलं, त्यामुळे तिला डॉक्टरांनी खोल सफाई करून दिली आणि मशेरी सोडायला लावली. मला ते योग्य वाटलं. तंबाखू किंवा सिगारेट चालू असताना ग्राफ्ट नीट धरण्याची शक्यताही कमी होते. मुळाशी खोल खाच पडली असेल तर फिलिंग लागू शकतं. कधी दोन्ही मिळून करतात.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा, दोन दातांमधलं हाड शाबूत आहे का? ते ‘हो’ म्हणाले आणि पैशांची सोय होत असेल, तर मी तरी ग्राफ्टच करा म्हणेन. फक्त त्याआधी ब्रश बदला. मी आता मऊ ब्रश पेनासारखा बोटांत धरतो, हिरडीकडे तिरका टेकवून हलकेच फिरवतो.