'इनोसंट' : आठ महिने आणि एक बाइंडिंग

'इनोसंट' या जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथा-मालिकेचा, पहिला जाड खंड घेऊन आठ महिने झाले. आज लिहायला बसलो कारण गेल्या महिन्यात त्याची पानं सुटली, आणि तीही नेमकी राजावर हल्ला करणाऱ्या दामियाँच्या शिक्षेतली.

मालिका काय आहे ते इथल्या बहुतेकांना ठाऊक असेलच. पॅरिसचं पिढीजात जल्लाद घराणं सांसों, शिनइची साकामोतोची चित्रं, जपानीत ९ खंड, इंग्रजीत तीन-तीन एकत्र बांधलेले. मी सेकंडहँड घेतला, तेराशेला. विकणाऱ्याने 'नव्यासारखं' असं लिहिलं होतं. आधीच्या मालकाने पुस्तक पालथं दाबून दाबून वाचलेलं, पाठीवर मधोमध पांढरी चीर. फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सर, वाचायला अडचण नाही ना?" नव्हती. तेव्हा.

पहिल्या वाचनानंतर मी वैतागलोच होतो. सहाशेच्या आसपास पानं आणि रविवारच्या एका दुपारीत खलास! पानंच्या पानं शब्द नाही. लेस, बटणं, घोड्यांच्या मानेवरच्या शिरा, पुन्हा लेस. कथेचा नायक, घराण्यातला तरुण जल्लाद शार्ल-आंरी, सारखा डोळ्यांत पाणी आणून उभा. तेराशे भागिले तीन तास, असा हिशेबही मी मांडला होता.

पावसाळ्यात परत काढलं, तेव्हा मत फिरलं. दामियाँने ५ जानेवारी १७५७ ला पंधराव्या लुईला लहानसा चाकू मारला. राजा वाचला, पण २८ मार्चला प्लास द ग्रेव्हच्या चौकात दामियाँला घोड्यांकडून फाडायचं ठरलं. घोड्यांना ते जमेना, शेवटी सांधे कापून द्यावे लागले. शार्ल-आंरी तेव्हा १८ वर्षांचा. चौकावरच्या खिडक्या लोकांनी बघायला भाड्याने घेतल्या होत्या, आणि खिडकीत बसायचं तर नटूनच बसणार. मी भराभर उलटलेली लेस ती हीच. दुसऱ्या वाचनाला मला दोन आठवडे लागले. हिशेब बसला.

शार्ल-आंरीची बहीण मारी-जोसेफ मात्र पहिल्यापासून आवडली. हा पोरगा रडतो, ती रडत नाही.

जाता जाता, या घराण्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी एक धागा जुळतो. पानिपत झालं त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती देणारा फ्रेंच सेनापती लाली १७६६ मध्ये पॅरिसला शिरच्छेदासाठी सांसोंपुढेच आला. पहिला घाव नीट बसला नाही म्हणतात.

तर पानं. गल्लीतल्या बाइंडरकाकांकडे गेलो. त्यांनी पाठ वाकवून पाहिली. "हे नुसतं चिकटवलेलं आहे. जुजबंदी, म्हणजे घड्या घालून शिवणं, नाही होणार. बाजूने टोचे मारून शिवतो." म्हणजे आतला अर्धा इंच गेला! दोन पानांवर पसरलेली चित्रं हीच तर यातली खरी कमाई. दहा मिनिटं घासाघीस झाली. शेवटी पाठीला करवतीने खाचा पाडायच्या, त्यात दोरा बसवायचा आणि वरून फेविकॉल, यावर तडजोड.

काका पानं जुळवताना वधस्तंभाच्या चित्रावर थांबले. शेजारी त्यांचं कटिंग मशीन. प्रेसवाले त्याला गिलोटिनच म्हणतात, म्हणून मी मुंडकं उडवायच्या मूळ गिलोटिनची गोष्ट सांगितली. २५ एप्रिल १७९२ ला पहिल्यांदा चाललं. त्याआधी तलवार, आणि दर मुंडक्यानंतर ती बोथट होते, एकामागून एक माणसं आली तर निभणार नाही, असं शार्ल-आंरी सांसोंनीच सरकारला लिहून कळवलं होतं.

"पातं सरळ की तिरकं?"

"तिरकं."

"मग बरोबर. सरळ पातं दाबतं, कापत नाही. बनवलं कोणी?"

"श्मिट म्हणून एक जर्मन. हार्पसिकॉर्ड बनवायचा. पेटीसारखं वाद्य असतं."

"म्हणजे सुतारच की."

याच सांसोंचा नातू, घराण्यातला शेवटचा जल्लाद, कर्जापायी ते यंत्रच गहाण टाकून बसला आणि १८४७ मध्ये त्याची नोकरी गेली. हे ऐकल्यावर काका हसले. आमचा दीडशेचा भाव मात्र खाली आला नाही.

चार दिवसांनी पुस्तक मिळालं. काम झकास. दामियाँचं दुपानी चित्र आता पूर्वीपेक्षा जास्त उघडतं. फक्त मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे मी सांगायचं विसरलो, त्यामुळे नव्या पुठ्ठ्यावरची नावाची पट्टी मागच्या बाजूला आली आहे. "बदलून देतो, पन्नास पडतील," काका म्हणाले. राहू दे म्हटलं.

घ्यावं का? पोट घट्ट असेल तर घ्या, पण पाठीचा फोटो मागवल्याशिवाय सेकंडहँड घेऊ नका. दुसरा खंड मी कोराच घेतला. तो काटकोनाच्या पलीकडे उघडायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे त्यातली मधली चित्रं अजून नीट पाहिलेली नाहीत.