दम्यासाठी रोजची स्टेरॉइड गोळी की पंप?

सोलापुरात यंत्रमागावर उभं राहणाऱ्याच्या छातीत सुताचं तूस जातं आणि दमा असेल तर धाप वाढते. अशा वेळी कुणीतरी दिलेली स्टेरॉइडची बारीक पांढरी गोळी रात्रीपर्यंत छाती मोकळी करते. गोळी स्वस्त, पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) महाग, शिवाय ‘पंपाची सवय लागते’ हा समज. प्रत्यक्षात शरीर अडकतं ते गोळीत.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची 10 मिग्रॅची गोळी म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम, तेही रक्तातून अंगभर. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपाचा कमी डोस दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम, थेट श्वासनलिकेत. ब्युडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त कडक आहे खरं, पण त्यातला गिळला गेलेला बहुतेक भाग यकृतातच निकामी होतो. आणि बारीक गोळी हलकी समजू नका: डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडची अर्ध्या मिग्रॅची गोळी प्रेडनिसोलोनच्या 3 मिग्रॅपेक्षा भारी भरते.

गोळी महिनोन्महिने चालली की हाडं पहिल्या 3 ते 6 महिन्यांतच सर्वात वेगाने झिजतात. खुब्याचं हाड रक्ताअभावी खचू शकतं. सकाळी गोळी घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा ठीक दिसते, चढते ती दुपारच्या जेवणानंतरची; तपासायची तीच. रक्तदाब, मोतीबिंदू, काचबिंदू, अंगात दबलेला टीबी उठणं हे वेगळंच. अंगात पाणी साठतं, तेव्हा कडक भाकरीबरोबरच्या शेंगाचटणीतलं मीठही मोजावं लागतं.

पंपाने तोंडात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो, आवाज बसू शकतो. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावा, प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका, बराच त्रास टळतो. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतल्यास डोळे आणि हाडं इथेही तपासावी लागतात. दाबायचा पंप आधी हलवा, श्वास सोडा, सावकाश ओढताना दाबा, 10 सेकंद रोखा. कॅप्सूलवाल्या यंत्रातून मात्र जोरात ओढायचं; ती कॅप्सूल गिळणारेही भेटतात! धाप लागली की तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपात सहसा स्टेरॉइड नसतं, त्यामुळे फक्त त्यावर भागवलं तर आतली सूज तशीच राहते. पंप 30 अंशांखाली ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत नको.

रोजच्यासाठी पंपच. तीव्र झटक्यात डॉक्टरांनी दिलेलं प्रेडनिसोलोन, रोज 40 मिग्रॅ, 5 ते 7 दिवस, ही गोळीची खरी जागा, आणि तिथे ती टाळूही नये.

गोळी 3 आठवड्यांहून जास्त झाली असेल तर पंप मिळाला म्हणून ती त्याच दिवशी सोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात; एकदम तोडल्यास उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांकडून पायरीपायरीने उतरवून घ्या.