लोकरीचा लांब कोट: हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

गुडघ्याच्या जरा खाली येणारा, रॅगलन (म्हणजे खांद्याशी एकसंध) बाह्यांचा, एकेरी बटणांचा, गडद करड्या रंगाचा लोकरी कोट. थंडीची चाहूल लागली तेव्हा घेतला आणि थंडी पुरती सरेपर्यंत जवळजवळ रोज अंगावर होता. आता तो ब्रश मारून कपाटात गेला आहे, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

आधी निवडीबद्दल, कारण पुढचं सगळं सुख किंवा डोकेदुखी तिथेच ठरते. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या जगाला आपला फक्त कोट दिसतो. आत कितीही विचार करून कपडे घातलेले असोत, त्या चार महिन्यांत कोट हीच आपली ओळख. विशीत हौसेनं घेतलेलं जॅकेट वर्षभरात नकोसं झालं तरी फारसं बिघडत नाही. पण चांगला लोकरी कोट दहा-पंधरा वर्षं सहज टिकतो, त्यामुळे तो आपल्या आजच्या राहणीला शोभायला हवा. कधीतरी जगू म्हणून मनात ठेवलेल्या राहणीसाठी कोट घेण्यात अर्थ नाही.

म्हणून कोट बघायला जाण्याआधी मी कपाट उघडलं आणि ज्या कपड्यांकडे हात आपसूक जातो तेवढे बाहेर काढले. ढगळ स्वेटर, सरळ पँटी, सपाट टाचांचे बूट, लांब स्कार्फ. रंग बहुतेक निळे, विटकरी, राखाडी. यात ताठ, कडक, टोकदार असं काहीच नव्हतं. इथेच अर्धी निवड झाली. पॅड घालून उभारलेल्या खांद्यांचा, कमरेत आवळलेला कोट माझ्या या कपड्यांवर कायम उपरा वाटला असता. शिवाय ढगळ स्वेटरची बाही घट्ट बाहीत कोंबताना होणारी ओढाताण वेगळीच.

‘प्रत्येकीकडे हवाच’ अशा याद्यांमध्ये उंटाच्या रंगाचा कोट आणि ट्रेंच कोट (कमरेला पट्टा असलेला लांब पावसाळी कोट) हमखास असतात. मला ते पटत नाही. ट्रेंच कोट देखणा आहे, यात वाद नाही. पण पहिल्या महायुद्धात अधिकाऱ्यांच्या अंगावर रुळलेला हा कोट, त्याचे खांद्यांवरचे पट्टे आणि कमरेचा पट्टा अजूनही शिस्तीची भाषा बोलतात. रोज नीटनेटक्या, रेखीव कपड्यांत वावरणाऱ्या माणसाला तो फार छान दिसतो. त्याचं गॅबर्डीन कापड थॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये शोधून काढलं, ते पाऊस आणि वाऱ्यासाठी. नुसत्या ट्रेंचवर खरी थंडी निघत नाही, आतून गरम अस्तर लागतं. दुहेरी बटणांचा कोटही घालून पाहिला. बटणं लावलेली असताना तो रुबाबदार दिसतो, पण मी आत शिरताच बटणं सोडते, आणि सोडल्यावर त्याचे दोन्ही रुंद पदर पुढे लोंबत राहतात. ज्यांना कोट उघडाच ठेवायची सवय आहे त्यांनी एकेरी बटणांचाच बघावा. डफल कोट मनापासून आवडला होता. त्याच्या लाकडी खुंट्या हातमोजे न काढता लावता येतात, म्हणून तर ब्रिटिश नौदलात तो इतका चालला. पण रोजच्या कामाच्या कपड्यांवर तो मला फार सैलसर वाटला.

मग उरला रॅगलन. नेहमीच्या कोटात बाही खांद्याच्या टोकाला जोडलेली असते. रॅगलनमध्ये शिवण काखेतून तिरकी निघते आणि थेट गळ्यापर्यंत जाते, म्हणजे खांदा आणि बाही एकसंध. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या ब्रिटिश सेनाधिकारी लॉर्ड रॅगलन यांचं नाव या बाहीला मिळालं आहे. घातल्यावर फरक लगेच कळतो. बसमध्ये वरची कडी धरायला हात उंचावला की इतर कोटांत पुढची बाजू वर उचलली जाते, कॉलर मानेवर चढते आणि पाठीत ताण येतो. या कोटात तसं काही होत नाही. आत जाड स्वेटर असला तरी दंडाला काच नाही, आणि पातळ शर्ट असला तरी खांदा पोकळ दिसत नाही. माझ्या दृष्टीनं हाच या कोटाचा सगळ्यात मोठा गुण.

खांद्याकडे एवढं लक्ष देण्याचं कारण असं की बाकी बरंच काही टेलर दुरुस्त करून देतो. बाही आखूड होते, खालची कड वर घेता येते, बाजूनं थोडं आत घेता येतं. खांदा मात्र उसवून पुन्हा बसवणं हे जिकिरीचं काम. चांगले टेलरही त्याला सहसा हात लावत नाहीत. त्यामुळे कोट घालून बघताना, हिवाळ्यात घालणार तोच जाड स्वेटर आत घालावा, दोन्ही हात छातीशी घट्ट कवटाळावेत आणि खुर्चीवर बसून पाहावं. आरशासमोर नुसतं ताठ उभं राहून काही कळत नाही.

आता कापड. लेबलवर ८०% लोकर आणि २०% पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, आहे. शुद्ध लोकरीचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतील, पण रोज वापरायच्या कोटात हे मिश्रण मला योग्य वाटतं, कारण पॉलिअमाइडमुळे बाहीच्या कडा आणि कोपर लवकर झिजत नाहीत. विणकाम मेल्टन पद्धतीचं. म्हणजे विणल्यावर कापड आटवून इतकं घट्ट केलेलं की धागे वेगळे दिसत नाहीत, हाताला नमद्यासारखं लागतं आणि वारा अडतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३०% पर्यंत बाष्प ओलसर न वाटता शोषते, हे वाचलेलं होतं. ते या हिवाळ्यात प्रत्यक्ष कळलं. भराभर चालून गर्दीच्या गाडीत चढल्यावर पूर्वीच्या पॉलिस्टरच्या जॅकेटमध्ये पाठ चिंब व्हायची. यात गरम होतं, पण चिकचिक नाही. भुरभुर पावसाचे थेंब वरच्या लवेवर मोत्यांसारखे बसून राहतात, झटकले की जातात. मोठा पाऊस मात्र हा कोट पेलत नाही. भिजला की जड होतो आणि वाळायला रात्र पुरत नाही.

अस्तर व्हिस्कोस या गुळगुळीत कापडाचं आहे. कोट बघताना अस्तराकडे फारसं कोणी पाहत नाही, पण रोज बाही चढवताना स्वेटर सरसर आत जातो की गोळा होऊन कोपरात अडकतो, हे तेच ठरवतं.

तक्रारी आहेत. खांद्याला लावायची माझी बॅग उजव्या कुशीवर घासते आणि नेमकी तिथेच लोकरीला गोळे आले. बाकी सगळा कोट स्वच्छ, फक्त हातभर पट्टा खरखरीत. गोळे काढायच्या छोट्या यंत्रानं ते अलगद निघतात, काही आठवड्यांनी पुन्हा येतात. दुसरं म्हणजे वजन. दिवसभर अंगावर ते जाणवत नाही, उलट थंडीत हवंहवंसं वाटतं; पण आत गेल्यावर कोट हातात घेऊन फिरायचं झालं तर हात दुखतो. कारमध्ये लांबच्या प्रवासाला तो काढूनच बसावं, नाहीतर मागच्या चिरेपाशी चुण्या पडतात. त्या चिरेवर नव्या कोटात फुलीसारखे टाके असतात. ते फक्त नेण्या-आणण्यात कापड सरकू नये म्हणून घातलेले असतात. घरी आणल्यावर कापून टाकायचे. खूप जण ते तसेच ठेवून फिरतात आणि मग चालताना कोट मागून ताणला जातो.

मधलं बटणही दुसऱ्याच महिन्यात सैल झालं. टेलरनं दोऱ्याची छोटी मान ठेवून आणि आतून एक बारीक बटण लावून ते पुन्हा शिवलं, तेव्हापासून हललेलं नाही. जाड कापडाला बटण असंच लावायला हवं, कारखान्यात ही मेहनत वाचवतात.

रंगाबद्दल मी अजूनही समाधानी आहे. काळा कोट माझ्या चेहऱ्यावरचा तजेला ओढून घेतो. गडद करडा तसं करत नाही, आणि विटकरी स्कार्फ त्यावर खुलतो. चेहऱ्याला रंग मानवतो की नाही हे दिव्याखाली कधीच नीट कळत नाही, खिडकीच्या उजेडात जाऊनच पाहावं. गडद रंगावर धागे आणि केस मात्र फार दिसतात.

निगा सोपी आहे. घरी आल्यावर रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर टांगायचा, नैसर्गिक केसांच्या ब्रशनं वरून खाली झाडायचा, आणि एक दिवसाआड विश्रांती मिळाली तर उत्तम. ड्रायक्लीन हंगाम संपल्यावर एकदाच. ते न करता कोट ठेवून देऊ नये, कारण लोकरीला लागणारी कसर घाम आणि डाग असलेल्या जागांवरच आधी तुटून पडते. कोट खाते ती पतंगाची अळी, उडणारा पतंग नव्हे. म्हणून पतंग दिसला की समजायचं, अळ्या आधीच कामाला लागलेल्या असू शकतात. स्वच्छ कोट कापडी पिशवीत बंद ठेवणं सगळ्यात खात्रीचं.

कोणी घ्यावा? जे थरावर थर घालतात, भरपूर चालतात, ज्यांचे कपडे सैलसर आणि साधे आहेत, त्यांनी डोळे झाकून रॅगलन बघावा. खांदे खूपच उतरते असतील तर तिरक्या शिवणीमुळे ते आणखी उतरते दिसतात. अशांना जोडलेल्या बाहीचा, हलका पॅड असलेला कोट जास्त शोभेल. उंची कमी असेल तर लांबी गुडघ्याच्या वरच थांबवा, कोट पोटरीपर्यंत आला की माणूस त्यात हरवतो. माझ्या कोटाची कड टेलरकडून दोन बोटं वर घ्यावी असं आता वाटतंय, जिना चढताना ती पायाला लागते. पुढच्या थंडीआधी ते काम करून घेणार आहे.