दोन वर्षं वर्गात, सोळा महिने रॅम्पवर: एएमई कोर्सचा माझा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीच्या कोर्सला प्रवेश घेतला, ऑगस्ट २०२४ मध्ये वर्ग संपले आणि जानेवारी २०२५ पासून मी मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या लाइन मेन्टेनन्समध्ये, म्हणजे विमानं जिथे उभी राहतात त्या रॅम्पवरच दोन उड्डाणांच्या मधे होणाऱ्या देखभालीत, ट्रेनी टेक्निशियन आहे. प्रवेशाआधी मी आणि बाबा महिनाभर माहिती शोधत होतो. मिळाल्या त्या सगळ्या जाहिराती. कोर्स करून पुढे काय झालं, हे सांगणारं मराठीत काहीच सापडलं नाही. आता दर आठवड्याला कुणाच्या तरी भावाचा, भाचीचा फोन येतो, आणि प्रत्येकाला मी तेच सांगते. ते इथे एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. कोर्सला लोक एएमई म्हणत असले, तरी कोर्स संपला म्हणून कुणी एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनीअर होत नाही. इंजिनीअर तो, ज्याच्या सहीवर विमान उडतं. ती सही करण्याचा अधिकार कॉलेज देत नाही, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) लायसन्स देतं. त्यासाठी कार-६६ नावाच्या नियमाखाली मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा असतात. माझी कॅटेगरी बी१.१, म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं. तिला १३ मॉड्यूल: गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रिकल, मटेरियल, ह्यूमन फॅक्टर्स, हवाई कायदा, अशी यादी गॅस टर्बाइन आणि प्रोपेलरपर्यंत जाते. प्रत्येकात ७५ टक्के हवेत. एका प्रश्नाने हुकलं तरी नापास, आणि माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला खरोखर एकाच प्रश्नाने हुकलं होतं. त्या संध्याकाळी मी जेवले नव्हते.

परीक्षा झाल्या की मान्यताप्राप्त कोर्स केलेल्यांनाही प्रत्यक्ष सेवेतल्या विमानांवर दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो. मग लायसन्स. तरीही एअरबस ए-३२० उड्डाणासाठी सोडता येत नाही, कारण लायसन्सवर त्या विमानाचा टाइप, म्हणजे प्रकार, चढवावा लागतो, त्याचा वेगळा कोर्स असतो. आणि शेवटी कंपनी स्वतःचं ऑथरायझेशन देते, तेव्हा कुठे टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तुमची सही चालते. माझा हिशेब असा आहे: २०२२ ला सुरुवात, आणि सगळं वेळेवर झालं तर २०२८ मध्ये मी पहिलं विमान माझ्या सहीने सोडेन. घरच्यांना हे आकडे प्रवेशाआधी सांगा. आमच्या बॅचमधल्या कितीतरी घरांत भांडणं झाली ती याच कारणाने: "दोन वर्षं झाली, मग इंजिनीअर का नाहीस?"

आता संस्थेबद्दल. नाव लिहीत नाही. कार-१४७ ची, म्हणजे प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमाची, मान्यता होती, शिक्षक मनापासून शिकवणारे होते. बी१.१ च्या मान्यताप्राप्त कोर्सला २४०० तास असतात. आमचे ते कागदावर पूर्ण भरले. प्रत्यक्षात वर्गाचे तास भरपूर मिळाले आणि हँगरचे कमी. हँगरमध्ये जॅकवर उभं केलेलं, उडणं केव्हाच थांबलेलं एक छोटं जेट, दोन उघडी इंजिनं आणि एक प्रोपेलर. सुटे भाग हातात घेऊन बघायला ते उत्तम. पण त्या विमानात वीज नाही, हायड्रॉलिकला दाब नाही, इंधनाचा वास नाही. ए-३२० मध्ये ग्रीन, ब्लू आणि यलो अशा तीन हायड्रॉलिक सिस्टिम असतात आणि दाब ३००० पीएसआय, हे मला तोंडपाठ होतं. पण स्कायड्रॉलचा, म्हणजे त्या हायड्रॉलिकमधल्या द्रवाचा, थेंब मनगटावर पडला की कातडी कशी चुरचुरते, हे नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं.

त्याच संस्थेतली एक गोष्ट मात्र मी जन्मभर विसरणार नाही. वर्कशॉपला हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी आम्हाला सलग तीन आठवडे फक्त लॉकवायर करायला लावली. नटबोल्ट कंपनाने सैल पडू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टला बांधायची. तार अशा बाजूने ओढलेली हवी की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला उलट घट्टच करेल. ०.०३२ इंचाच्या तारेला इंचाला सात-आठ पीळ. टोक आत वळवलेलं, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट कापतं. सर जवळ यायचे, नखाने तार दाबून बघायचे, काही न बोलता कटरने कापून टाकायचे. "परत." पहिल्या दिवशी माझ्या अकरा तारा कापल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी त्यांनी एक तार दाबली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. ती तार ज्या सरावाच्या पट्टीवर होती, ती पट्टी मी घरी आणली. बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, हयात गेली त्यांची स्पॅनर धरण्यात. त्यांनी चष्मा लावून ती पट्टी दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "आम्ही इथे स्प्लिट पिन टाकतो. तुझं काम बारीक आहे गं." ती पट्टी अजून देवघराच्या फळीवर आहे.

पैशाचं सांगते. दोन वर्षांची फी, हॉस्टेल, परीक्षांचे अर्ज, पुस्तकं मिळून आमचे साडेसहा लाखांच्या आसपास गेले. त्यात शेवटच्या वर्षी "ओजेटी शुल्क" (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचं) म्हणून जी रक्कम मागितली, तिचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेच नव्हता. बाबांनी पीएफमधून काढून भरली. शंभर टक्के प्लेसमेंटचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात कोर्स संपल्यावर पाच महिने मी घरी होते, आणि नोकरी मिळाली ती कंपनीच्या जाहिरातीला स्वतः अर्ज करून. लेखी परीक्षा, मुलाखत, रंगदृष्टीची तपासणी. वायरिंगचे रंग ओळखता आले पाहिजेत म्हणून ती तपासणी असते. रंगांची अडचण असेल तर फी भरण्याआधीच डोळे तपासून घ्या. ट्रेनी म्हणून सुरुवातीला हातात १७ हजार यायचे. मुंबईत तीन मुलींनी मिळून खोली केली तर त्यात जेमतेम भागतं.

संस्था निवडताना मी काय विचारायला हवं होतं, ते आता कळतं. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तिथे तुमची कॅटेगरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण काही ठिकाणी एका कॅटेगरीची मान्यता असते आणि गप्पा दुसरीच्या मारल्या जातात. डीजीसीए स्वतः कुठलीही प्रवेश परीक्षा घेत नाही, त्यामुळे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर शिष्यवृत्ती वगैरे जे सांगतात तो संस्थांचा आपापला मामला. आणि "नोकरी किती जणांना लागली" असं विचारू नका. "चार वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या किती जणांकडे आज लायसन्स आहे" असं विचारा. त्यातल्या दोघांचे नंबर मागा. नंबर मिळाले नाहीत तर ती संस्था सोडा, पुढच्या संस्थेत हेच विचारा.

बी१ की बी२, हा प्रश्नही नेहमी येतो. बी१ म्हणजे इंजिन, सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ज्याला जे आवडतं ते घ्यावं. मला हात काळे करायला आवडतात.

रॅम्पवरचं काम कसं असतं ते एका रात्रीवरून सांगते. गेल्या वर्षीचा जुलै. मुंबईचा पाऊस आडवा येत होता, रात्रीचे अडीच वाजले होते आणि आमच्याकडे चार विमानं मुक्कामाला होती. एकाच्या इंजिनाचं फॅन काउल, म्हणजे बाहेरचं झाकण, उघडून तेलाचं काम झालं होतं, आणि काउल बंद करायला मी आणि एक सीनियर टेक्निशियन होतो. काउलच्या कड्या इंजिनाच्या पोटाखाली असतात. उभं राहून बघितलं तर काउल बंदच दिसतं, कड्या लागलेल्या असोत वा नसोत. मी कंबरेत वाकून टॉर्च मारला आणि "लागल्या" म्हणाले. आमचे शिफ्ट इंजिनीअर सर मागे उभे होते. ते म्हणाले, "गुडघे टेक." मी पाण्यात गुडघे टेकले, मग पाठीवरच झोपले, आणि एकेक कडी हाताने ओढून बघितली. सगळ्या लागलेल्या होत्या. सरांनी मग स्वतः रेनकोटसकट तिथेच झोपून तेच केलं आणि नंतरच टेक लॉग उघडला.

शिफ्ट संपल्यावर चहा घेताना त्यांनी हीथ्रोची गोष्ट सांगितली. २४ मे २०१३. रात्री दोन टेक्निशियन एका ए-३१९ चे काउल न लावता सामान आणायला गेले, परत आले ते चुकून दुसऱ्याच विमानाकडे. तिथले काउल बंद होते, त्यांना वाटलं कुणीतरी लावले. सकाळी ते पहिलं विमान ८० माणसं घेऊन उडालं आणि दोन्ही इंजिनांची काउल धावपट्टीवर उखडून पडली. एका इंजिनाला आग लागलेल्या स्थितीत ते परत उतरलं. सगळे वाचले. ह्यूमन फॅक्टर्सच्या मॉड्यूल ९ साठी मी थकवा, व्यत्यय, गृहीत धरणं हे सगळे शब्द पाठ केले होते आणि पेपरात चांगले गुणही घेतले होते. पण अडीच वाजता ओल्या कपड्यांत "लागल्या" हा शब्द माझ्या तोंडून किती सहज निघाला, ते मला त्या रात्री दिसलं. तेव्हापासून हाताने ओढून बघितल्याशिवाय मी तो शब्द उच्चारत नाही.

आणि म्हणून त्या सहीला किंमत आहे. पायलट काउलखाली झोपून बघणार नाही, प्रवासी तर नाहीच. सही बघून सगळे निर्धास्त बसतात. पगाराचे आकडे बघून या क्षेत्रात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी स्वतःला विचारा, थकलेल्या अवस्थेत, घाई चालू असताना, "विमान तयार नाही" असं म्हणायची तुमची तयारी आहे का.

भविष्य कसं आहे? माझ्या मते चांगलं आहे, पण सरळ रेषेत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची सेवा थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची. माझे दोन सीनियर अशाच बंद पडलेल्या कंपनीतून आलेले आहेत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून पगार ठरवून घ्यावा लागला. पण घरी बसावं लागलं नाही, कारण लायसन्सवर ए-३२० होतं. दुसऱ्या बाजूला २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार, आणि आलेल्या प्रत्येक विमानाला रोज रात्री कुणीतरी तपासणार. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला, आमच्यातले काही जण तिकडे गेलेही. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेला दुरुस्तीचा मोठा तळ २०१५ पासून आहे. विदर्भातल्या मुलामुलींनी बेस मेन्टेनन्सचा विचार जरूर करावा. तिथे विमान दिवसेंदिवस उघडं असतं, लाइनवर जे वर्षात एकदा दिसतं ते तिथे रोज दिसतं. देखभालीवरचा जीएसटी २०२० मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे परदेशात जाणारी कामं इथे वळायला मदत झाली आहे.

आखाताचं स्वप्न बरेच जण घेऊन येतात. जाता येतं, आमच्याकडून गेलेले आहेत. फक्त एवढं लक्षात घ्या की डीजीसीएचं लायसन्स तिथे जसंच्या तसं चालत नाही. तिथल्या प्राधिकरणाचं वेगळं लायसन्स लागतं, युरोपचं हवं असेल तर त्यांच्या परीक्षा वेगळ्या. इथला टाइप आणि अनुभव कामी येतो, पण सहीसाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. एजंटला पैसे देण्याआधी हे एकदा नीट समजून घ्या. लायसन्स ही पदवीही नव्हे. पुढेमागे पदवी लागेलच असं वाटत असेल तर मुंबई विद्यापीठाचं बीएस्सी एरोनॉटिक्स सोबत करता येतं. मी केलं नाही, आणि आता मला ते करायला हवं होतं असं वाटतं.

मुलींसाठी दोन शब्द. आमच्या शिफ्टमध्ये आम्ही दोघी आहोत. कामात कुणी कमी लेखलं नाही. अडचण आहे ती साध्या गोष्टींची: विमान उभं असतं त्या लांबच्या बेवरून टॉयलेटपर्यंत जायला लागणारा वेळ, हातमोज्यांचे मोठेच मोठे साइज, पहाटे शिफ्ट सुटल्यावर घरी जायची गाडी. कंपनीकडे मागत राहिलं की मिळतं. हातमोजे मिळाले, गाडी मिळाली. नाइट शिफ्टचा त्रास मात्र खरा आहे. पहिले चार महिने माझं वजन उतरलं, पित्त वाढलं. आईने खोलीला काळे पडदे शिवून दिले तेव्हा कुठे दिवसा झोप लागायला लागली.

नव्याने कोर्स करणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: मॉड्यूल कोर्स चालू असतानाच द्या. मी पहिल्या वर्षी "आधी सगळं शिकू, मग बसू" म्हणत वेळ घालवला. नाइट करून आल्यावर गॅस टर्बाइनची ९० पानं वाचणं काय असतं, ते मी भोगलंय. आणि कामाचं लॉगबुक त्याच दिवशी भरा. तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, काम, त्याचा एटीए चॅप्टर (विमानाच्या कोणत्या सिस्टिमचं काम, तो ठरलेला क्रमांक), आणि ज्या इंजिनीअरच्या देखरेखीखाली केलं त्यांची सही. आठवड्याने सही मागायला गेलं तर सर सुट्टीवर असतात, महिन्याने गेलं तर दुसऱ्या स्टेशनला बदलून गेलेले असतात. माझ्या सुरुवातीच्या दोन महिन्यांतली कितीतरी कामं अशीच सहीविना राहिली, आणि ती पुन्हा करून घ्यावी लागली.

आता माझी १२ मॉड्यूल झाली आहेत. अकरा नंबरचं राहिलं आहे, सगळ्यात जाड, विमानाच्या सगळ्या सिस्टिमचं. पुढच्या सत्रात अर्ज भरलाय. काल रात्री चाकाच्या ब्रेकच्या वेअर पिनबद्दल (ब्रेक झिजेल तशी ती आत जाते) वाचत असताना सरांनी विचारलं, पार्किंग ब्रेक लावलेला नसताना ही पिन बघून काय उपयोग? मी म्हटलं, काहीच नाही, ब्रेक लागलेला असेल तरच झीज कळते. ते म्हणाले, "मग पुस्तक बंद कर आणि जाऊन बघ." बघून आले. पिन अजून बरीच बाहेर होती.