घरपोच जनुकीय चाचणी: एका सेवेचे परीक्षण

नळीत लाळ भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी आपल्या आजारांच्या व स्वभावाच्या जनुकीय कलाचा अहवाल वाचायचा, एवढेच या सेवेत आपले काम असते. नमुना देणे सोपे आहे, अहवालाची भाषाही स्वच्छ आहे. माझा आक्षेप आहे तो भक्कम पुराव्याचे आणि निव्वळ अंदाजाचे निष्कर्ष एकाच थाटात मांडण्याला.

आरोग्याचा विभाग उपयोगी आहे, पण जपून वाचावा लागतो. बीआरसीए१ या जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते आणि हे वेळेवर कळल्यास नियमित तपासण्या किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया असे मार्ग खुले असतात. मात्र ही चाचणी निवडक बदलच शोधते, तर या जनुकातले ज्ञात घातक बदल हजारांच्या घरात आहेत. त्यामुळे ‘आढळले नाही’ या शेऱ्यावर, विशेषतः घराण्यात हा आजार असल्यास, विसंबणे धोक्याचे आहे. आढळले, तरी वैद्यकीय प्रयोगशाळेतून खात्री करून घेतल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

अल्झायमरशी संबंधित एपीओई जनुकाचे पान वेगळी संमती दिल्याशिवाय उघडत नाही, ही मला या सेवेतली सर्वांत समंजस गोष्ट वाटली. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांनीही २००७ मध्ये स्वतःचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच जाहीर होऊ दिला, पण याच जनुकाची माहिती स्वतःला कळू नये असे सांगितले होते. इतकी काळजी घेणाऱ्या या सेवेने समुपदेशन मात्र अहवालानंतर आणि तेही मागितल्यासच द्यावे, हे पटत नाही. मेंदूच्या हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीत समुपदेशन आधी होते आणि त्यानंतरही माघार घेण्याची मुभा असते.

स्वभावाचा विभाग वगळला असता तर बरे झाले असते. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी निगडित एका जनुकावरून ताणाखाली नैराश्य येण्याचा धोका सांगता येतो, असा दावा २००३ मध्ये गाजला. २०१९ च्या फार मोठ्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. असे गुण असंख्य सूक्ष्म जनुकीय फरकांतून आणि वाढीच्या परिस्थितीतून घडतात, तरीही इथे ‘चिडखोरपणाकडे कल’ असा शिक्का बिनदिक्कत मारला जातो. लहान मुलांसाठी तर हा विभाग मुळीच घेऊ नये.

घराण्यात विशिष्ट आजार असलेल्यांनी आधी जनुकीय समुपदेशकाकडे जावे, ही सेवा त्यानंतर. केवळ कुतूहल असणाऱ्यांनी घेतलीच, तर उरलेला नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची विनंती लगेच नोंदवावी, कारण २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अशाच चाचण्या करणाऱ्या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लाखो ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला होता.